अध्यक्षांना नको असलेला बंकर

डोंगरातल्या एका जुन्या गोल्फ क्लबाचं मैदान मूळच्या नकाशाप्रमाणे पुन्हा घडवायचं काम ऋजुता पाटणकरला मिळालं. नवव्या होलपुढचा, मध्यंतरी कुणीतरी बुजवलेला बंकर, म्हणजे चेंडू अडवणारा वाळूचा खड्डा, तिने उकरून काढला आणि क्लबचे अध्यक्ष रणधीरराव शितोळे यांचा चेंडू रोज नेमका त्यातच पडू लागला.

"हा खड्डा उद्याच बुजवा," ते सगळ्या सभासदांदेखत गरजले, "नाहीतर काम सोडा!"

ऋजुता हसून म्हणाली, "बुजवते की, साहेब. फक्त मूळ रचना का बदलली, त्याची तिथे पाटी लावू. 'अध्यक्षांना ओलांडता येईना, म्हणून बुजवला', एवढं लिहिलं तर चालेल?"

सभासद खो खो हसले. रणधीररावांनी घसा खाकरला.

"खबरदार कुणी याला हात लावाल तर! ऐतिहासिक बंकर आहे हा!"