अक्काचे दोन वायदे

ऐका लहानथोर हो. ही गोष्ट त्या काळची, जेव्हा समुद्रापलीकडे काय आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

एका राज्यात समुद्रकाठी मिऱ्यांची मोठी पेठ होती. मागे डोंगर, डोंगरात मिरवेली, पुढे बंदर. वेल फुलावर येण्याआधीच पेठेत मिऱ्यांचे सौदे सुरू होत. पीक आल्यावर अमुक भावाने माल घेईन, असा वायदा कुणी करी. अमुक भावाने देईन, असा कुणी करी. मग बाजारभाव काहीही होवो, शब्द पाळावा लागे.

या पेठेत आवडीअक्का आणि तिचा धाकटा भाऊ नागशेट यांचं दुकान होतं. इतर व्यापारी एकच बाजू धरत. भाव चढेल वाटलं की घेण्याचे वायदे, उतरेल वाटलं की देण्याचे. अक्का मात्र दरसाल दोन्ही करी. डोंगरातल्या लोकांकडून माल घेण्याचा, आणि जहाजाच्या म्हाताऱ्या तांडेलाला तेवढाच माल जरा चढ्या भावाने देण्याचा. मधलं अंतर थोडंसं, तेवढीच कमाई.

"अक्का, लोक हसतात गं," नागशेट म्हणे. "म्हणतात, हिचा एक हात तेजीच्या गळ्यात, एक मंदीच्या."

"हसू देत. भाव चढला तर एक वायदा बुडवतो, दुसरा तारतो. उतरला तर उलट. चूल पेटती राहते ना आपली?"

नागशेटला हा भित्रेपणा वाटे.

एका वर्षी दोन्ही वायदे करून अक्का लेकीच्या बाळंतपणाला घाटावर गेली. इकडे बातमी आली, की दक्षिणेकडच्या रानांत मिरवेलींवर रोग पडलाय. भाव उठला. सकाळचा भाव दुपारी शिळा होई. कालपर्यंत पायी हिंडणारे दलाल पालखीतून मिरवू लागले. नागशेट डोळे विस्फारून पाहत राही. लक्ष्मी अशी धावत येताना त्याने जन्मात पाहिली नव्हती. आणि आपण मात्र स्वस्तात घेऊन तांडेलाला स्वस्तातच द्यायचं!

तो तडक बंदरावर गेला. "तांडेल, देण्याचा वायदा मोडायचाय. ठरल्या भावातला आणि आजच्या भावातला फरक चुकता करतो."

"अक्कांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? भाव आणखी चढणार, हे आंधळाही सांगेल."

तांडेलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "शेट, उभा जन्म मी समुद्रावर काढला. एवढी खात्री मला कधी कशाचीच वाटली नाही."

नागशेटने घरातली सगळी चांदी त्याच्यापुढे ठेवली आणि वायदा मोडला. आता उरला फक्त घेण्याचा.

थोडेच दिवस गेले. एका सकाळी सारं गाव किनाऱ्याकडे धावलं. नागशेटही धावला. आधी वाटलं, पाण्यावर ढग उतरलेत. मग ढगांना डोलकाठ्या फुटल्या. शिडं, शिडं आणि शिडं! नजर पोचेल तिथवर पाणी दिसेना. तेवढ्यात वारा वळला, आणि कुणीतरी शिंकलं. मग दुसरा शिंकला, तिसरा शिंकला. जहाजांत काय भरलंय, ते न सांगताच सगळ्यांना कळलं. कुठल्याशा अनोळखी बेटाची वाट कुणाला तरी सापडली होती, आणि त्या बेटावर मिरी रानोमाळ माजली होती.

नागशेटला भीती मागाहून वाटली. आधी वाटलं ते नवलच. एवढं सगळं आपल्याकडे चालून येत होतं, आपण पेढीवर बसून मनोरे रचत होतो तेव्हाही येत होतं, आणि आपल्याला पत्ताही नव्हता!

संध्याकाळपर्यंत मिऱ्यांना मातीचाही भाव उरला नाही.

अक्का परतली. तिच्या मागोमाग डोंगरातली माणसंही डोक्यावर टोपल्या घेऊन उतरली. नागशेटने मान खाली घालून बहिणीला सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "पेठेत आज सगळेच शब्द फिरवतायत. आपणही सांगू या त्यांना, सौदा विसरा म्हणून."

"त्यांनी आपल्या शब्दावर वर्षभर वेली जपल्या, नागू. आता ते कुठे जातील?"

अक्काने दुकान विकलं. ठरल्या भावाने एकेक टोपली घेतली. तिचा हात कुठे थबकला नाही.

नागशेटला राहवलं नाही. "अक्का, हे असं होणार, हे तुला ठाऊक होतं ना?"

"छे रे! या समुद्रापुढे मी कोण? ठाऊक नव्हतं, म्हणून तर दोन वायदे केले होते."

जिला नागशेट भित्री समजत होता, तिच्याएवढं धीट माणूस त्या पेठेत दुसरं नव्हतं.

पुढच्या वर्षी भाऊबहीण उघड्यावर गोणपाट अंथरून बसले. डोंगरातली माणसं मोठमोठ्या पेढ्या ओलांडून त्या गोणपाटापाशी आली. नागशेटने त्यांना घेण्याचा शब्द दिला. मग तो उठला, अंगरखा झटकला आणि तांडेलाला देण्याचा शब्द द्यायला बंदराकडे चालू लागला.

तात्पर्य: उद्याचं आपल्याला कळत नाही, एवढं ज्याला कळलं, तोच उद्यासाठी दोन्हीकडून तयार असतो.