मगरीचं गोत

एका नदीच्या वळणावर एक मगर राहत असे. मुलांनो, राग काही तिच्या नाकावर नव्हता, तो होता शेपटीत. शेपूट आपटली की काठावरची खडी उडायची. त्या साली ती पहिलटकरीण होती. वाळूत खड्डा करून तिने वीस अंडी पुरली होती आणि दोन महिने अर्धपोटी, उन्हातान्हात पहारा देत होती. शेजारीच खड्यांमध्ये टिटवीचं घरटं. दोन दिवस झाले, काठावर बारीक चिवचिव चालली होती ती थांबेचना. मगरीचं डोकं भणभणून गेलं होतं.

अशात घोरपड आली. "ताई, किती वाळलीस गं. तुझी पाठ बघ, माझी पाठ बघ. तेच खवले, तीच शेपूट, तेच आखूड पाय. एकाच गोताच्या आपण. जा, दोन मासे खाऊन ये. मी बसते ना राखण करत." मगरीला बरं वाटलं. घरचं कुणी आलं म्हणायचं.

टिटवी म्हणाली, "मगरबाई, पाठीवर जाऊ नका. ही आपली अंडी वारुळात टाकते आणि पुन्हा ढुंकून बघत नाही. राखण तुम्ही करता, मी करते. खरं विचाराल तर तुमचं गोत माझ्याकडचं."

"तुझ्याकडचं?" मगर फणफणली. "तोंडात एक दात नाही, पाय म्हणजे दोन काड्या, आणि माझी भाऊबंद म्हणवतेस? आधी पिल्लांची कटकट बंद कर."

"माझी अंडी चार. चार अंड्यांचा एवढा गलका होतो का? तो तुमच्या वाळूतून येतोय. फुटायच्या आधी पिल्लं आतून आईला हाक मारतात. तुमचीही, माझीही. हिची नाही मारत. जरा कान तरी लावा."

कान लावायला डोकं थंड लागतं. मगरीने शेपूट आपटली, टिटवीच्या अंगावर खडी उडवली आणि ती पाण्यात शिरली. थोड्या वेळाने टिटवीचं ओरडणं ऐकू आलं. "कोकलू दे मेलीला," असं म्हणून मगरीने तिसरा मासा गिळला.

वर येऊन बघते तो वाळू उकरलेली, टरफलं विखुरलेली, घोरपडीचं तोंड माखलेलं. "आपलीच म्हणून घेतली, ताई," घोरपड ओठ चाटत म्हणाली. "परक्याच्या घरी मी खाते का?" मगर तुटून पडली, पण जबडा मिटला तो वाऱ्यावर. घोरपड कपारीत पसार झाली होती.

मगरीने सगळा काठ बडवून काढला. दमून थांबली, तेव्हा खड्ड्याच्या तळातून बारीक हाक आली. तीन अंडी उरली होती. तशीच हाक टिटवीच्या खड्यांतून आली. मगर दोन्हीकडे बघत राहिली.

मगरीचा राग काही गेला नाही. पण तेव्हापासून टिटवीच्या खड्यांजवळ कुणी फिरकलं, तर आधी मगरीचा जबडा उघडतो.

तात्पर्य : कातडं सारखं दिसलं म्हणून गोत एक होत नाही, कोण कसं जन्मतं आणि पिल्लाला कसं जपतं, त्यावरून नातं ओळखावं, आणि तेही राग उतरल्यावर.