पाणकोंबडीचे ओले पाय

बसा सगळे. पंखा बंद करू नका, उकडतंय. आणि हसू नका, मी आज रागावलेली आहे. सकाळी लोणच्याची मोठी बरणी उघडली तर वर पांढरा थर. वर्षाचं लोणचं, आठवडाभर खपून घातलेलं, मागच्या अंगणात खड्डा करून पुरावं लागलं. बरणीत ओला चमचा गेला होता, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. कुणी घातला ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. आधी गोष्ट ऐका.

एका तळ्याच्या काठी, भातखाचरांच्या बांधात बीळ करून एक उंदरीण राहत असे. साठवण करावी तर तिनेच, अशी तिची ख्याती होती. कापणी झाली की सांडलेल्या ओंब्या गोळा करायची आणि दाणे काळ्या कातळावर तीन दिवस उन्हात घालायची. तिसऱ्या दिवशी एक दाणा दाताखाली धरायची. कट्ट आवाज झाला तर वाळला, नाही तर आणखी एक ऊन. आणि वाळला म्हणून लगेच कोठीत कोंबायची नाही हं! सावलीत पसरून आधी निववायची. ऊन ऊन दाणा कोंडला की त्याला आतल्या आत घाम फुटतो, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

तिच्या बिळात तीन कोठ्या होत्या. प्रत्येक कोठीत तळाला खडे, खड्यांवर सुकं गवत, त्यावर दाण्यांचा थर आणि मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. जुने दाणे पुढच्या कोठीत, नवे मागच्या दोन कोठ्यांत. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. मागच्या कोठ्यांची तोंडं चिखलाने लिंपून टाकलेली. इतकं नीट, इतकं नेटकं, की आपल्यातल्या काही जणांनी तिच्याकडे जाऊन शिकावं. मी कुणाकडे बघत नाहीये.

आता हे सगळं केलं, मग बिघडलं कुठे? तेच तर सांगतेय.

तळ्यात एक पाणकोंबडी राहायची. सगळे तिला माई म्हणत. बोलायला गोड, मनाने चांगली. आदल्या वर्षी गवतातून धामण आली तेव्हा माईनेच आरडाओरडा करून उंदरिणीला सावध केलं होतं. उंदरिणीचा जीव वाचला तो माईमुळे, हे कुणी नाकारत नाही. तेव्हापासून माई रोज सकाळी तळ्यातून निघून थेट उंदरिणीच्या घरी येई. थेट म्हणजे थेट! पायांना पाणी, पोटाला पाणी, पंखांना पाणी. यायची ती पुढच्या कोठीतल्या दाण्यांच्या ढिगावर उभी राहायची आणि म्हणायची, "अगं, एकच दाणा घेते. तुझ्या हाताला काय चव आहे बाई!"

एकाचे चार दाणे व्हायचे. त्याचं काही नाही, खाणाऱ्याने खावं. पण जाताना माई तिथेच उभ्या उभ्या अंग झटकायची, आणि सगळ्या ढिगावर पाणी उडायचं. दाण्यांवर तिच्या लांब बोटांचे ओले ठसे उमटायचे. उंदरीण ते ठसे बघायची. तिचा जीव वर-खाली व्हायचा. आणि तोंडाने काय म्हणायची? "या हं माई, उद्या पण या."

मुलांनो, मला त्या माईपेक्षा या उंदरिणीचा राग येतो. "माई, पाय पुसून या," एवढं म्हणायला काय झालं होतं? पण नाही. वाईट दिसेल, जिने जीव वाचवला तिला पाय पूस कसं सांगायचं, तिला काय वाटेल, मोठी आहे ती! मूग गिळून गप्प बसायची. माई गेली की वरचे ओले दाणे पंजाने खालच्या दाण्यांत कालवून टाकायची. म्हणजे दिसायला नको. ओलं झाकलं म्हणजे वाळलं, असं कुठे असतं का?

एक दिवस माई म्हणाली, "मागच्या कोठ्या कधी दाखवल्या नाहीस गं! बघू तरी, नवं भात कसं आहे." तोंड लिंपलेली कोठी मधेच उघडायची नसते, हे तिला पाठ होतं. तरी तिने लिंपण फोडलं. आधी एका कोठीचं, मग दुसरीचं. माई दोन्ही कोठ्यांतून कौतुक करत हिंडली, ओल्या पायांनीच. "सोन्यासारखं आहे हो!" म्हणाली, आणि आनंदाने पंख झटकले. ती गेल्यावर उंदरिणीने सगळी ओल आतच कोंडून दोन्ही तोंडं पुन्हा लिंपून टाकली.

बांधाच्या पलीकडे झुडपात एक सायाळ राहायची. तोंडाने फटकळ. तिच्या अंगावरच्या काट्यांपेक्षा तिची जीभ जास्त टोचते, असं सगळे म्हणत. त्या दुपारी ती उंदरिणीकडे आली, कोठीच्या दारात थबकली, नाक वर करून वास घेतला आणि तिचे काटे खडखड उभे राहिले.

"हे काय गं? कुबट वास कसला? आणि हे ठसे कुणाचे? ती पाणकोंबडी आत ओली येते ना?"

"येतात कधी कधी," उंदरीण म्हणाली. "हळू बोला ना, सायाळमावशी."

"हळू? का म्हणून हळू? दाण्याला ओल लागली तर बुरशी काय तुझं तोंड बघून थांबणार आहे? दोन-अडीच महिन्यांत तुझं बाळंतपण आहे. तोवर रानात एक दाणा उरणार नाही. खाशील काय, माती? आजच्या आज हे सगळं बाहेर काढ, पुन्हा उन्हात घाल, आणि तिला सांग पाय पुसायला. तुला जमत नसेल तर मी सांगते. चार शब्दांत सांगते!"

उंदरीण घाबरली. ढीग वाया जाईल म्हणून नव्हे हो! सायाळ माईला काहीबाही बोलेल म्हणून. दाणे कातळावर काढले तर माई विचारील, "हे का गं काढलंस?" आणि मग काय सांगायचं, म्हणूनही. ती म्हणाली, "माईंना तुम्ही एक शब्द बोललात ना, तर माझ्या दारात पाऊल टाकू नका. तुम्हाला सारखं रागवायलाच हवं असतं. माणुसकी म्हणून काही असते की नाही?"

सायाळीने तिच्याकडे पाहिलं. काटे खाली बसले. "बरं," ती म्हणाली. "नाही टाकत." आणि निघून गेली. खरं बोलणारी बाहेर आणि ओले पाय आत, असा न्याय झाला त्या घरात.

पौष सरत आला. खाचरं उघडी बोडकी पडली. राहिलेसाहिले दाणे पाखरांनी टिपले, धसकटं गुरांनी खाल्ली. तोवर उंदरीण पुढच्या कोठीतलं कडेकडेचं बरं धान्य वेचून खात होती. मधून आंबूस वास यायचा तेव्हा स्वतःशीच म्हणायची, "पाल्याचा असेल." मागच्या कोठ्या ती बघायलाही गेली नाही. बघितलं असतं तर खरं काय ते कळलं असतं ना, म्हणून.

मग तिला सात पिल्लं झाली. उघडीवाघडी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. सातही जणं आईला लुचायला लागली. दोन दिवसांत पुढची कोठी संपली, आणि तिसऱ्या दिवशी उंदरीण लिंपण फोडून मागच्या कोठीत गेली. दारातच गरम वाफ नाकाशी आली. आत हात घातला तर दाण्यांचे चिकट गठ्ठे. हिरवट, करडी बुरशी. गठ्ठा फोडला की आतून काळे सोंडकिडे वळवळत बाहेर. तिने धावत जाऊन तिसरी कोठी फोडली. तिथेही तेच. तिने दोन्ही पंजांनी उकरलं, तळाच्या खड्यांपर्यंत उकरलं. खाता येईल असा मूठभर दाणाही निघाला नाही.

नेमकी तेव्हाच दारात माई. पायांतून पाणी निथळतंय. "काय गं बाळंतीण? पिल्लं बघायला आले. आणि म्हटलं, एकच दाणा—"

आणि उंदरीण भडकली. इतक्या महिन्यांचं गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "दाणा? कुठला दाणा? या, बघा तुमचे प्रताप! रोज ओले पाय घेऊन माझ्या कोठीत नाचलात. माझ्या ढिगावर अंग झटकलंत. माझी सात लेकरं उपाशी मरतील आता, तुमच्या या पायांमुळे! तुम्हाला कधी काही वाटलं नाही? डोळे फुटले होते का तुमचे?"

माई जागच्या जागी थिजली. तिने आधी ढिगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी तळ्यातली. माझं घर ओलं, माझं अंथरूण ओलं, माझी अंडीसुद्धा ओल्या गवतावर. ओलं म्हणजे वाईट, हे मला कोण सांगणार? तू रोज म्हणायचीस, उद्या पण या. मला वाटायचं, माझ्या येण्याने तुला आनंद होतो. एकदा, फक्त एकदा, 'माई, पाय पुसा' म्हणाली असतीस, तर मी गवतावर चार उड्या मारून कोरडी होऊन आले असते. त्यात काय होतं एवढं?"

त्यात खरंच काही नव्हतं.

माई रडत रडत तळ्यावर गेली आणि चोचीत गोगलगाई घेऊन आली. उंदरिणीने एक हुंगली आणि तिला उमासा आला. शेवटी ती पडत धडपडत सायाळीच्या झुडपाशी गेली आणि बाहेरच उभी राहिली. आत जायचं तोंड कुठे होतं तिला?

"आलीस?" सायाळ आतून गरजली. "आली हो माणुसकीवाली! बैल गेला आणि झोपा केला! मी सांगितलं तेव्हा कान कुठे ठेवले होतेस? एका कोरड्या शब्दाची भीड वाटली तुला, आणि आता भीक मागायची भीड नाही वाटत? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही!" ती बडबडत होती आणि बडबडता बडबडता पायाने जमीन उकरत होती. उकरलेले सगळे कंद तिने उंदरिणीपुढे ढकलले. "घेऊन जा. तुझ्यासाठी नाही देत, पोरांसाठी देतेय. उद्या परत ये."

सायाळीच्या कंदांवर उंदरीण जगली. पण उपासाने तिचं दूध आटलं ते पुन्हा यायला चार दिवस लागले. सातांतली पाच पिल्लं वाचली. दोन नाही वाचली. तोंडं करू नका, मी हे गोड करून सांगणार नाही. घरात तीन कोठ्या भरून धान्य साठवलेलं असताना ती दोघं भुकेने गेली.

पुढच्या वर्षी उंदरिणीने कोठ्या पार तळापर्यंत रिकाम्या केल्या. जुना पाला, जुनं गवत, सगळं लांब नेऊन टाकलं. भिंती खरवडल्या, उन्हाळाभर कोठ्या उघड्या ठेवल्या, आणि मगच नवं भात भरलं. बिळाच्या दारात तिने सुक्या गवताची जाड गादी घातली. माई पहिल्याच दिवशी आली, गवतावर उभी राहिली, एकेक बोट पुसलं, दाराबाहेर अंग झटकलं आणि विचारलं, "बघ गं, कोरडी झाले का?"

"पोट राहिलंय," उंदरीण म्हणाली. माईने पोट पुसलं.

एका सकाळी सायाळ आली. रात्रभर रानात हिंडून आलेली, दवाने पाय भिजलेले. आपलंच घर समजून तडक कोठीकडे निघाली, तोच आतून आवाज आला, "मावशी! पाय!"

सायाळीचे काटे खडखड उभे राहिले. तिला असं कुणी जन्मात बोललं नव्हतं. पाचही पिल्लं, आता मोठी झालेली, भिंतीला चिकटून उभी राहिली. सायाळ एकदा उंदरिणीकडे बघते, एकदा दाण्यांच्या ढिगाकडे. मग काटे हळूहळू खाली बसले. ती मागे फिरली, गवतावर चारही पाय घासघासून पुसले आणि म्हणाली, "हं. यंदा टिकेल तुझं भात."

संपली गोष्ट. आता त्या चमच्याचं.

मी मघाशी म्हटलं, नाव घेत नाही. कशाला म्हटलं तसं? गेला महिनाभर रोज दुपारी जेवताना बघतेय मी. ताकात बुडवलेला चमचा तसाच बरणीत जायचा, आणि मी काय करायचे? हसून "आणखी वाढू का?" म्हणायचे. उंदरिणीला एवढी नावं ठेवली, माझं तरी दुसरं काय होतं? नाही, पोरांनो, तुमच्यातलं कुणी नाही. आक्का, तुम्ही. तिथे झोपाळ्यावर बसून ऐकताय ना? तुम्ही माझ्या मोठ्या नणंद, या मुलांच्या आत्या, माझ्या लग्नात सगळं तुम्ही निभावून नेलंत, म्हणून मी बोलले नाही. पण लोणचं तुमच्या ओल्या चमच्याने नासलं. यापुढे बरणीत कोरडा चमचा घालायचा.

बघा, काय म्हणताहेत त्या? ऐकलंत?

"अगं कुमुद, मग त्याच दिवशी सांगायचं नाहीस का?"

तात्पर्य : साठवलेलं ओलीने नासतं, आणि ओल घरात येते ती आपल्या भिडेपोटी; रागवायचंच असेल तर पहिल्या ओल्या पावलाला रागवावं, कोठी नासल्यावर नव्हे.