निळी पट्टी

एकदा एका गावच्या वाचनालयात एक निवृत्त गुरुजी जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सांभाळत असत. त्यांच्या संगणकाला माउस नव्हता. काळ्या पडद्यावर मधोमध एक उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना एकेका कप्प्यातल्या फाइलींच्या नावांची रांग आणि त्यांतल्या एकाच नावावर निळी पट्टी. पट्टी हलवायची, फाइल वाजवायची, पुसायची, ते सारे कळफलकावरच्या कळांनी.

त्यांचा शिष्य या कामात चांगलाच तरबेज झाला होता. त्याची बोटे कळांवर धावू लागली की बघणारा बघतच राही, आणि कुणी बघितलेले त्याला आवडेही. गुरुजींची एक सवय मात्र त्याला उमजत नसे. कोणतीही फाइल पुसण्यापूर्वी ते पट्टी एक घर खाली नेत, पुन्हा वर आणत आणि मगच पुढची कळ दाबत. वय झालं, असे मनाशी म्हणून शिष्य गालातल्या गालात हसे.

एके सकाळी मसाल्याचा एक व्यापारी आला. आपल्या दिवंगत आईच्या आवाजाची कॅसेट त्याने आधीच देऊन ठेवली होती. शिष्याने ती संगणकावर दोनदा उतरवून घेतली होती. पहिल्या खेपेस नुसती खरखर आली. ती फाइल उजवीकडे होती. दुसऱ्या खेपेस आवाज स्वच्छ आला, ती डावीकडे. नाव दोन्हींना एकच. त्यानंतर जुनी फीत तुटून गेली. आईचा आवाज आता डावीकडच्या त्या एका फाइलीत तेवढा उरला होता.

शिष्याने ती फाइल क्षणभर वाजवून पाहिली. ठीक होती.

"आता ती खरखरीची उडवून टाकतो, उगाच घोटाळा नको," म्हणत त्याने उजवीकडे पाहिले आणि पुसण्याची कळ दाबली. 'ही फाइल कायमची पुसायची?' असे विचारत पडद्यावर नाव आले. नाव बरोबर होते. त्याचे बोट होकाराच्या कळेकडे निघाले, तोच गुरुजींनी त्याचे मनगट धरले आणि खांद्यावरचा पंचा पडद्यावर टाकला.

व्यापारी गोंधळला. शिष्य तर चिडलाच.

"सांग, तू कुठे उभा आहेस?" गुरुजींनी विचारले.

"उजवीकडे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय गुरुजी, तिकडेच तर बघतोय!"

गुरुजींनी पंचा उचलला. निळी पट्टी डावीकडे होती, आईच्या आवाजावर. शिष्याने घाईघाईने नकाराची कळ दाबली.

"अरे, यंत्राला तुझी नजर दिसत नाही," गुरुजी म्हणाले, "आणि तुझ्या मनात काय आहे तेही कळत नाही. तू जिथे उभा आहेस, तिथेच तुझी कळ लागू होते. डोळे क्षणात पलीकडे पोचतात, आपण मात्र मागेच राहिलेले असतो. मी पट्टी खाली-वर करतो ती एवढ्यासाठीच. हलली की दिसतं, मी कुठे आहे. तुला वाटत होतं, माझं वय झालंय. झालंय, तेही खोटं नाही."

शिष्य ओशाळून हसला. त्याने पट्टी पलीकडे नेली, एक घर खाली, एक घर वर, आणि खरखरीची फाइल सावकाश पुसली. मग डावीकडे येऊन दुसरी फाइल लावली.

खलबत्त्याचे ठोके ऐकू आले आणि त्यांतून एका बाईचा खणखणीत आवाज: "अरे, डब्याचं झाकण लावलंस का?"

"लावलं गं आई," पांढऱ्या मिशांचा व्यापारी बोलून गेला, आणि डोळे पुसत स्वतःच हसू लागला.

शिष्य आपल्या बोटांकडे पाहत राहिला. काही कायमचे पुसून टाकण्यापूर्वी आपणही जरा हलून पाहावे. खाली-वर करायला असा कितीसा वेळ लागतो?