म्हाळाक्का ज्यांना ओलांडून गेली

फार फार वर्षांमागं डोंगराच्या कडेला उखळगाव नावाचं गाव होतं. घरं दगडामातीची आणि छतावर हातभर मातीचा थर. त्या गावात म्हाळाक्का नावाची धनगरीण राहायची. मेंढरांचे मोडलेले पाय बसवता बसवता ती माणसांची हाडं बसवायला लागली. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी आत कुठं चिरलंय ते तिला कळायचं, असं म्हणतात.

एका सकाळी, धारा काढायच्या वेळेला, गुरं एकदम हंबरायला लागली. दावी तोडून पळाली. मग जमिनीच्या पोटात कुणीतरी जातं फिरवावं तसा आवाज आला, आणि माणसांनी मान वर करायच्या आत गाव खाली बसलं. धुळीनं सूर्य झाकला. धूळ खाली आली तेव्हा गल्ल्या उरल्या नव्हत्या. नुसते ढिगारे होते, आणि ढिगाऱ्यांतून येणारे आवाज.

म्हाळाक्का मेंढवाड्यात होती, म्हणून वाचली. हाती लागेल त्याला लोकांनी ओढून बाहेर काढलं आणि वेशीच्या बुरजाच्या सावलीत नेऊन ठेवलं. जो तो तिचा पदर धरून ओढत होता. "आक्का, आधी माझ्या लेकीला बघ!" "आक्का, हिकडं ये गं!"

तिनं पदर सोडवून कमरेला खोचला आणि ती म्हणाली, "वरडतंय त्ये जितं हाय. गप पडलंय त्ये आधी दावा."

मग ती एकेकापाशी वाकायला लागली. पायाच्या अंगठ्याचं नख दाबायची. नखावर लाली परत आली, तर लुगड्याची चिंधी फाडून मनगटाला बांधायची, त्यानं थांबायचं. लाली आली नाही, पाय गार लागला, की तिथंच बसायची, पाय ताणून सरळ करायची आणि बांबूच्या कामट्या लावून बांधायची. पण काही जणांच्या छातीवर ती नुसता हात ठेवायची. आणि त्यांना ओलांडून पुढं जायची.

याचा अर्थ लोकांना लवकरच कळला. ती जवळ आली की माणसं श्वास रोखायची. एका म्हाताऱ्यानं तर तिची नजर नको म्हणून डोळेच मिटून घेतले. कण्हणं थांबायचं आणि तिच्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू यायचा, असं म्हणतात.

त्याच रांगेत तिचा नवरा सिदाप्पा होता. तुळईखाली छाती चेपली होती आणि ओठांवर तांबडा फेस येत होता. त्याच्या शेजारी चिमणा कुंभारीण पडलेली. तिचं पाऊल निळं पडत चाललं होतं.

म्हाळाक्कानं नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. कुणाच्याच छातीवर ठेवला नव्हता इतका वेळ ठेवला.

"बस की जरा," सिदाप्पा म्हणाला.

"येते," ती म्हणाली. आणि त्याला ओलांडून तिनं चिमणाचं पाऊल हातात घेतलं.

शेवटची गाठ मारून ती वळली, तेव्हा सिदाप्पाचे डोळे उघडेच होते. पण तो राहिला नव्हता.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. बुरजाचे दगड करकरले. ज्यांना पळता येत होतं ते सगळे माळाकडं पळाले. "आक्का, बुरूज पडतोय, पळ!" म्हाळाक्का हलली नाही. तिनं बुरजाला पाठ लावली, टाचा मातीत रोवल्या आणि ओरडली, "माघारी या रं! ह्यांस्नी पाय न्हाईत!"

त्या आवाजाला माणसं घाबरली, बुरजापेक्षा जास्त घाबरली, आणि परत आली. त्यांनी एकेकाला उचलून माळावर नेलं. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो एवढा बुरूज एका बाईच्या पाठीवर टेकून उभा होता, असं म्हणतात. मग तो पडला. लोकांनी एकेक दगड बाजूला केला. म्हाळाक्का सापडली नाही.

उखळगाव आता माळावर वसलंय. वर्षातून एकदा, त्या दिवशी, घरात चूल पेटत नाही. सगळं गाव उघड्यावर जमतं, तळहात जमिनीला टेकवून बसतं. जाणती माणसं नावं घेतात. ज्यांना ती ओलांडून गेली त्यांची आधी, सिदाप्पाचंही त्यातच. तिचं सगळ्यांत शेवटी.

बाकी वर्षभर छताखाली तिचं नाव कुणी घेत नाही; घेतलं तर जमीन हलते, असं म्हणतात. एखाद्या पोरानं चुकून घेतलंच, तर आई हातातलं काम टाकते, त्याला उचलते आणि आधी अंगणात येऊन उभी राहते.