येसू रंगारणीचा लोटा

"...जावेवर जळून जळून शेवटी येसूनं ओढ्यातलं रंगाचं विष प्यायलं, आणि तिथंच काठावर..." गिरणीत माझ्यापुढे उभ्या बाईच्या तोंडून एवढंच कानावर पडलं, आणि नेमकी चक्की सुरू झाली. काठावर काय झालं ते त्या घरघरीत बुडालं. अर्धी गोष्ट मला पचत नाही. दळण तिथंच ठेवून मी रंगारी आळीतल्या पारूआत्यांकडे गेले. त्यांच्याकडून ऐकली तशी सांगते.

फार वर्षांपूर्वी, आपल्या निंबखेडचा ओढा बारमाही वाहत होता तेव्हा, रंगाऱ्यांच्या एका घरात दोन जावा होत्या. थोरली मथुरा, धाकटी येसू. ओढ्यात दोन डोह होते. सासूनं वाटणी करून वरचा थोरलीला दिला आणि खालचा धाकटीला. त्याच्याही खाली कोळ्यांची वाडी होती आणि ती पिण्याचं पाणी ओढ्यातूनच भरायची.

मथुरेचं लाल लुगडं वाळत पडलं की लांबून पळस फुलल्यासारखं दिसायचं, असं म्हणतात. येसूचं मात्र विटकरीसारखं मळकं निघायचं. बाजाराला आलेल्या बाया येसूच्या दारात थांबायच्या, लुगडं हातात घेऊन परत ठेवायच्या आणि म्हणायच्या, आधी वरच्या घरी बघून येतो गं. त्या वरच्या घराचं नाव निघालं की येसूच्या पोटात निखारा पडायचा.

ती कुंपणाआडून जावेच्या हंड्यांचा वास घ्यायची. लाल रंगाची मंजिष्ठा तीच, तुरटी तीच, उकळीही तेवढीच. मग रंग खुलत का नाही? थोरलीनं करणी केलीय, असं तिनं मनात घेतलं. मनात ठेवण्याची बाई ती नव्हती, म्हणून आळीभर सांगितलंही.

एका उन्हाळ्यात ओढ्यातले मासे उताणे तरंगू लागले. कोळ्यांच्या वाडीत लेकरांची पोटं बिघडली. तिथली हिरूमावशी काळपट पाण्याची घागर घेऊन येसूच्या दारात आली आणि विचारलं, बाई, हे काय पाजता आम्हाला? येसूला राग यायला हवा होता, पण तिला आनंदच झाला. तिनं वर बोट दाखवलं आणि वाडीतल्या बाया, गावातली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन जावेच्या डोहावर गेली.

मथुरा तेव्हा काळा रंग करत होती. हिरडा उकळायचा, त्यात गंजलं लोखंड भिजवलेलं पाणी घालायचं, कापड बुडवायचं आणि उरलेलं काळं पाणी ओढ्यात ओतायचं. तेच पाणी खाली येऊन येसूच्या लालाला मळकट करत होतं. करणी नव्हती, गाळ होता. येसूचा विजय तिच्या तोंडावर मावेना.

मथुरा शांतपणे म्हणाली, "वाहत्या पाण्याला कसला गं दोष? जरा पुढं गेलं की निवळतं."

गावातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा सगळे असंच मानायचे. हिरूमावशीनं मात्र येसूकडे वळून म्हटलं, "मग तुझंही जरा पुढं जाऊनच आमच्या रांजणात येतं, पोरी."

येसूच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं ती फक्त वर बघत होती, जावेच्या डोहाकडे. आपल्या डोहाखाली काय जातं, हे बघायला तिला सवड झाली नव्हती. पण जळणारं माणूस गप्प बसत नाही. दोघी सारख्याच दोषी ठरल्या, तर थोरली पुन्हा थोरलीच राहणार होती. येसूनं लोटा उचलला.

"निवळतं ना, जाऊबाई? मग तुमच्या डोहाखालचं तुम्ही प्या, माझ्या डोहाखालचं मी पिते."

मथुरेनं तोंड फिरवलं. तिनं तोंड फिरवलं हे सगळ्यांनी पाहिलं, याची खात्री करून येसू आपल्या डोहाखाली उतरली आणि लोटा भरून एका दमात प्यायली. असं म्हणतात, त्या दिवशी तिच्या ओठांवर चढलेला लाल रंग पुन्हा कधी उतरला नाही.

ती काठावर कोसळली हे खरं. पण मेली नाही. कोळणींनी तिला पेज पाजून उठवली. उठल्यावर तिनं ओढ्यापासून लांब मुरमात खड्डा खणला आणि रंगाचं पाणी त्यात सोडायला लागली. आपण आता ओढ्यात काही सोडत नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून स्वतःचं पिण्याचं पाणी आपल्याच डोहाखालून भरायची. खड्डा बघायला आसपासची गावं लोटली. येसूचं नाव झालं. हे मथुरेला कसं सोसावं? तिनं दोन खड्डे खणवले, एकातला गाळ बसला की वरचं पाणी दुसऱ्यात, आणि त्या दुसऱ्यात वाळू नि कोळसा. मग येसूनं त्याहून मोठे खणले. जावांच्या या चढाओढीत ओढा निवळला, मासे परतले, वाडीतली लेकरं खेळू लागली. आणि नितळ पाण्यात येसूचं लाल असं खुललं, की वाळत घातलेल्या लुगड्यावर मधमाश्या बसायच्या, असं म्हणतात. तेव्हा मथुरा आपल्या खिडक्या लावून घ्यायची.

म्हणजे गिरणीतली बाई अर्धीच खरी. येसू प्यायली, आणि जळूनच प्यायली. पण ती म्हातारी होऊन गेली, आणि शेवटपर्यंत येणाऱ्याला विचारायची, वरच्या घरी आज कोण आलं होतं गं? कोळ्यांच्या लेकरांची तिला थोडीतरी कळकळ होती का, असं मी विचारलं. पारूआत्या म्हणाल्या, "असेल की थोडी. पण तेवढ्यानं लोटा उचलला नसता."

आजही निंबखेडात ओढ्याच्या पाण्यावर कुणी नवा धंदा सुरू केला, की नारळ फोडायच्या आधी थोडं काम चालवून त्याच्या सांडपाण्याखालून एक लोटा भरतात आणि मालकाच्या हाती प्यायला देतात. त्याला येसूचा लोटा म्हणतात. मागच्या वर्षी ट्रॅक्टर धुण्याचं सेंटर निघालं. मालकानं लोट्यात वाकून पाहिलं. वर तेलाचा तवंग होता. पाहुणे, मांडव, पेढे, सगळं तसंच राहिलं. तो लोटा खाली ठेवून खड्डा कुठं खणायचा ते विचारू लागला. आणि इकडे थोरल्या घरच्या सुना नि धाकट्या घरच्या सुना भांडत होत्या, की या खेपेला लोटा भरायचा मान कुणाचा होता.