पाणेरीचे पाणी

फार पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चटयांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. वडिलांच्या मागे पेढी त्याच्याकडे आली आणि माल आणायला तो स्वतः पाणेरीला जाऊ लागला.

पाणेरी हे दलदलीच्या काठचे दरिद्री खेडे. माणसे लव्हाळे कापत, बायका चटया विणत आणि पोरे लव्हाळ्यांची पाती चिरत, कारण त्या कामाला लहान बोटे लागतात. बोटांवर चिरा नाहीत असे एकही पोर तिथे नव्हते. शेजारच्या गावी एक आचार्य झाडाखाली मुलांना शिकवत, पण पाणेरीचे कोणी जात नसे. पोर शिकायला गेले, की त्याची त्या दिवसाची भाकरी गेली.

सोमिलने वाराणसीच्या व्यापाऱ्यांना एकत्र बोलावले. एकेकाने एकेका मुलाच्या अन्नवस्त्राचा आणि गुरुदक्षिणेचा भार उचलावा, असे त्याने मांडले. सर्वांत धनवान गोमुख श्रेष्ठी. तो म्हणाला, "हरकत नाही. पण माझे पोर कोणते ते मला दिसले पाहिजे. चुणचुणीत निवडून घेईन. रडके मला नको."

सोमिलला ते खटकले, पण काम मार्गी लागते आहे म्हणून तो गप्प राहिला.

ठरल्या दिवशी व्यापारी रथांतून पाणेरीला आले. पोरांना रांगेत उभे केले. कोणी दात पाहिले, कोणी नाव विचारले. ज्याने जे निवडले, त्याला त्याने आपल्या मुद्रेची खूण असलेले वस्त्र नेसवले. मग दान पक्के करण्याच्या नगरातल्या रीतीप्रमाणे दात्यांनी झारीतून पोरांच्या हातांवर पाणी ओतले. गोमुखाने सामा नावाची मुलगी निवडली होती. ती सर्वांत धीट होती.

दुसऱ्या दिवशी आचार्यांच्या झाडाखाली एकही मूल आले नाही. सोमिल पाणेरीला गेला. घरांची दारे बंद होती. सामाची आई वेली तेवढी अंगणात चटई विणत बसली होती.

"शेट, वासरे न्यायला आलात?" तिने मान वर न करता विचारले.

"कसली वासरे?"

"आमच्यात वासरू विकले, की घेणारा त्याच्या पुढच्या खुरांवर पाणी ओततो. पाणी पडले की वासरू त्याचे. मग धन्याने हाक मारायची नाही. काल साऱ्या गावादेखत तुम्ही पाणी ओतलेत. अंगावर खुणासुद्धा घातल्यात."

"पोरे कुठे आहेत?"

वेलीने दलदलीकडे पाहिले. पुरुषभर उंच लव्हाळ्यांत, जळवांच्या पाण्यात, पोरे लपली होती. "सामाला उद्या माझ्या भावाकडे धाडणार," ती म्हणाली. "लांब आहे. तिथे तुमचा गोमुख शेट पोचायचा नाही."

"आणि तिचे शिकणे?"

वेलीचे हात थांबले. "वाळूत अक्षरे काढते हो ती. पण माझी पोर मला हवी."

सोमिलने परत येऊन घडले ते सांगितले. गोमुख संतापला. "खायला आपण घालायचे आणि वर त्यांची समजूतही काढायची? दुसरे गाव बघा. गरिबांची पोरे काय, कुठेही मिळतात."

"गाव चुकले नाही," सोमिल म्हणाला. "आपण पारखून निवडले, खूण केली, पाणी ओतले. विकत घेण्यातले आपण काय करायचे बाकी ठेवले? मी त्या दिवशी गप्प बसलो. खूण नसेल, निवड नसेल, तरच यापुढे हे काम होईल."

"मग ते तुझे तू कर," गोमुख म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे बाकीचेही उठले.

नदीकाठी सोमिल नवे घर बांधीत होता. पोरांच्या खर्चासाठी ते त्याने अर्धवटच विकले आणि त्याच संध्याकाळी तो पाणेरीला पोचला. वेलीच्या अंगणात तो जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"पाणी तुम्ही ओता," तो म्हणाला. "कामाला लागणारे पोरांचे हात तुम्ही शिकण्यासाठी सोडता. देणारे तुम्ही आहात. मी फक्त भाकरीची सोय करतो."

लोक जमले. एक म्हातारा हसला. "शेट, हात फार मऊ आहेत. आमचे पाणी गढूळ. चालेल ना?"

"चालेल."

वेली उठली. मग तिने दलदलीतून मडके भरून आणले आणि ते त्याच्या हातांवर रिते केले.

"पाणी पडले," ती म्हणाली. "आता तुम्ही आमचे. बोलावू तेव्हा यावे लागेल."

"येईन."

तेव्हा तिने लव्हाळ्यांकडे वळून हाक मारली, "सामे, ये गं. उद्या झाडाखाली जायचंय."

सोमिलने शब्द पाळला. पाणेरीने बोलावले, की तो हातातला सौदा टाकून जाई. गावात त्याला 'आमचे वासरू' म्हणत, आणि त्या नावाला तो ओ देत असे.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते त्यांना म्हणाले, "विहाराच्या खांबावर आपले नाव कोरा म्हणून काल भांडून गेलेला उपासक तेव्हा गोमुख होता. दाराशी बसलेली ही वृद्ध भिक्षुणी वेली होती, आणि तिला हात धरून आणणारी तरुण भिक्षुणी सामा. सोमिल मीच होतो. घेणाऱ्याला मान खाली घालायला न लावता दिलेले दान, त्यालाच दानपारमिता म्हणतात."